शोहरत, हुनर आणि आपली आवड

संगीताचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक असे : 'रफीसाहेबांच्या गळ्याला तालीम होती, किशोरकुमारचे नुसते नाव झाले.' दुसरे वाक्य हे पहिल्याचे उत्तर म्हणून येते : 'अहो, ज्याची त्याची आवड! त्यात वाद कसला?' शिक्षकांच्या खोलीत असो, लग्नाच्या मांडवात असो की नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, या दोन वाक्यांनंतर चर्चा संपते. आम्हांला मात्र वाटते की चर्चा खरी इथूनच सुरू व्हायला हवी. पहिले वाक्य हुनराच्या नावाखाली आपली आवड दुसऱ्यावर लादते आणि दुसरे वाक्य आवडीच्या नावाखाली हुनराचा हिशेबच नाकारते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महंमद रफी (१९२४–१९८०) यांनी उस्तादांकडे बसून शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले होते. किशोरकुमार (१९२९–१९८७) यांनी असे शिक्षण घेतलेले नव्हते. सैगल यांना ऐकत ऐकत त्यांचा गळा घडला. १९५८ च्या 'रागिणी' चित्रपटात नायक किशोरकुमार, पण त्यातील शास्त्रीय ढंगाच्या एका गाण्यासाठी ओ. पी. नय्यर यांनी रफींचा आवाज घेतला. स्वतः गाणाऱ्या नटाला दुसऱ्याचा आवाज! रफींच्या चाहत्यांना एवढा पुरावा पुरेसा वाटतो. पण दहा वर्षांनी, १९६८ च्या 'पडोसन'मध्ये, गाण्याची जुगलबंदी रंगते. एका बाजूला रीतसर शिकलेले मन्ना डे, दुसऱ्या बाजूला किशोरकुमार. कथेच्या गरजेपोटी शिकलेला गळा हरतो आणि न शिकलेला जिंकतो. त्या गाण्यात किशोरकुमारनी जे केले, ते किती शिकलेल्या गवयांना जमले असते? शब्दाशी खेळणे, लय हातात ठेवून खट्याळपणा करणे, आवाजातून चेहरा दिसेल असे गाणे, हेही हुनरच आहे. फक्त त्याची परीक्षा घेणारे विद्यालय नाही.

तेव्हा 'अमक्याचे उगाच नाव झाले' असे म्हणताना आपण तीन वेगवेगळे प्रश्न एकात मिसळतो. हे काम किती अवघड आहे? ते मला आवडते का? आणि त्याला मिळालेला मान योग्य आहे का? पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी तपासता येते. सूर लागला की नाही, सम साधली की नाही, 'ख' आणि 'क' यांचा तलफ्फुज वेगळा ऐकू आला की नाही, या आवडीच्या गोष्टी नव्हेत. लता मंगेशकरांनी उर्दू उच्चारांसाठी एका मौलानांकडे धडे घेतले, ही गोष्ट उर्दू शिकवणाऱ्या आम्हांला नेहमी मोलाची वाटते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. तिथे कुणी कुणाची उलटतपासणी घेऊ नये. खरी गफलत तिसऱ्या प्रश्नात आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. त्यांच्या ध्वनिमुद्रिका गावोगाव पोचल्या. त्याच घराण्यातील, त्यांचे नातलग उस्ताद अब्दुल वहीद खाँ रागाचा विस्तार अतिशय संथपणे, एकेका सुराला न्याय देत करीत. त्यांनी ग्रामोफोनपासून स्वतःला दूर ठेवले. त्यांचे हाती लागणारे गाणे म्हणजे आकाशवाणीवरची अखेरच्या काळातील मोजकी ध्वनिमुद्रणे. पण हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडे शिकल्या आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीवर त्यांची छाप पडली. एकाचे नाव घरोघर, दुसऱ्याचे जाणकारांपुरते. मग अब्दुल करीम खाँ यांना वाजवीपेक्षा जास्त मान मिळाला म्हणायचे का? मुळीच नाही. त्यांचीच एक तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. शोहरत ही गुणवत्तेची मोजपट्टी नसेल. पण शोहरतीच्या पाठीवर बसूनच गुणवत्ता अनेकदा प्रवास करते.

तरीही 'लोकप्रिय झाले म्हणजे श्रेष्ठच' असे आम्ही म्हणणार नाही. उर्दूच्या इतिहासात बादशाह जफर यांचे उस्ताद जौक होते. दरबाराचा मान त्यांचा. १८५४ मध्ये जौक गेले आणि ती जागा गालिबकडे आली. आज जौक पाठ्यपुस्तकात भेटतात, गालिब मात्र रिक्षाच्या पाठीमागेही. म्हणून जौक लहान कवी ठरत नाहीत. एवढेच सिद्ध होते की एका काळाचा निवाडा अखेरचा नसतो, मग तो दरबाराचा असो की बाजाराचा.

मग अन्याय कुठे होतो? आमच्या मते तो श्रेयाच्या वाटपात होतो. गाणे आपण गायकाच्या नावाने ओळखतो. पण चाल बांधणारा, शब्द लिहिणारा, वाद्यमेळ रचणारा, व्हायोलिन धरून मागच्या रांगेत बसणारा यांचे काय? गोव्याहून मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना भरजरी रूप दिले. संगीतकार प्यारेलाल यांनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले. पण कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या मंडळींची नावे शोधूनही सापडत नाहीत. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळा कोरून सतार-तंबोरे घडवणारी कुटुंबे आहेत. तेथील सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ साली. मैफलीत टाळ्या पडतात तेव्हा तंबोरा कुणी जुळवला, कुणी घडवला, हे किती जण विचारतात? लोकप्रिय गायकाचे मोल आपण जास्त करतो ते याच अर्थाने : दहा जणांची मेहनत एकाच्या खात्यावर जमा करतो.

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकाला एक शिस्त पाळावी लागते. अक्षर मोत्यासारखे असले म्हणून गणिताचे गुण वाढवायचे नाहीत आणि मुलगा खोडकर आहे म्हणून बरोबर उत्तर खोडायचे नाही. संगीत ऐकतानाही हीच शिस्त हवी. उरुसातील कव्वाली ऐकणाऱ्या मुलाला 'तुला काय कळते संगीत' म्हणून हिणवणारा माणूस बहुतेक वेळा संगीताविषयी बोलतच नसतो. तो त्या मुलाच्या मोहल्ल्याविषयी, त्याच्या बापाच्या कमाईविषयी बोलत असतो. आणि चित्रगीताच्या गर्दीत रमलेला जेव्हा ख्यालगायनाला 'नुसते आ-आ' म्हणतो, तेव्हा तोही कुणाच्या तरी वीस वर्षांच्या रियाजावर थुंकतो. दोन्ही अपराध सारखेच.

तेव्हा वाचकहो, कुणाला मोठे म्हणायचे यावर भांडण्यापेक्षा आपण एवढे ठरवू : आवड सांगताना 'मला आवडते' असेच म्हणावे, 'हेच श्रेष्ठ' म्हणू नये. निवाडा द्यायचा असेल तर कारण द्यावे. आणि एखाद्याचे नाव फार झाले असे वाटले, तर त्याचे नाव खाली खेचू नये. ज्यांचे झाले नाही त्यांचे घ्यावे. आवड हा हक्क आहे, इन्साफ हे कर्तव्य. हक्क बजावताना कर्तव्य विसरू नये, इतकीच आमची विनंती.