मिस्त्रीची चूक आणि आमचा हिशेब

मोटारगाडी ही वस्तू आता खेड्यातील माणसास नवलाची राहिलेली नाही. ज्या वाटेने आमचे उपदेशक बंधू पूर्वी पायी अथवा बैलगाडीने जात, त्याच वाटेने हल्ली त्यांची मोटारसायकल जाते, आणि कित्येक ठिकाणी दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एखादी जुनी जीप घेतलेली असते. त्यामुळे मिस्त्रीशी आमचा संबंध नित्याचा झाला आहे. हा मनुष्य बहुधा आपल्या मंडळीतला नसतो. त्याने गाडीखाली निजून काय केले हे आपणांस दिसत नाही. आणि त्याच्या हातून चूक झालीच तर ती वाटेत कळते. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने कसे वागावे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, असे आम्हांस एका प्रसंगावरून कळून आले.

सन २०२४ च्या जुलै महिन्यात एका शनिवारी आमच्या मंडळीच्या जीपचे तेल तालुक्याच्या गावी बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गावच्या उपासनांसाठी आम्ही निघालो. गाडी आम्हीच चालवीत होतो. अकरा-बारा किलोमीटर गेल्यावर समोर तेलाचा तांबडा दिवा लागला. पहिल्या गावी लोक जमले असतील, उशीर होईल, असे मनात आणून आम्ही गाडी तशीच पुढे नेली. आणखी तीन किलोमीटरांवर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, आणि एका चढावर ते जाम होऊन बंद पडले. खाली वाकून पाहतो तो चेंबरच्या बुडाचा नट नाही, आणि मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ लांबवर गेलेली.

ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुने तेल सोडण्यासाठी चेंबरच्या तळाशी एक नट असतो. तेल गळून गेल्यावर तो वायसर घालून प्रथम हाताने फिरवून बसवितात व मग पान्याने आवळतात. नुसता हाताने बसविलेला नट उभ्या गाडीत थेंबही गळू देत नाही असे होऊ शकते. पण रस्त्याचे हादरे बसू लागले म्हणजे तो आटा-आटा सुटत जातो. शनिवारी सर्व काही ठीक दिसले ते यामुळेच.

मिस्त्री निरोप मिळताच आला. गाडीखाली डोकावून पाहताच त्याचा चेहरा उतरला, तरी तो म्हणाला, “वाटेत दगड लागला असेल, पाळकसाहेब.” त्याच्याबरोबरचा शिकाऊ मुलगा जमिनीकडे पाहत उभा राहिला. आम्ही मोठ्या मनाने म्हणालो, “असू द्या, चूक कोणाच्या हातून होत नाही?” पुढे गाडी ओढून नेल्यावर इंजिन उघडले, तेव्हा क्रँकची बेअरिंगे गेलेली निघाली. नवे भाग आणि क्रँक घासून घेणे यांस १९,००० रुपये, व मजुरी १२,००० रुपये, असा अंदाज झाला.

पंचांच्या सभेत तीन मते निघाली. एक वडील म्हणाले, सरकारने १९८६ साली ग्राहकांच्या रक्षणाचा कायदा केला, २०१९ साली त्याच्या जागी नवा आणला. पैसे घेऊन केलेल्या कामात उणीव राहिली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मग आपण का सोसावे? दुसरे म्हणाले, आपण क्षमेची सुवार्ता सांगतो, आणि गरीब मिस्त्रीपाशी भांडावे हे शोभते काय? तिसऱ्यांचे मत असे की त्याला काही बोलू नये, मात्र त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये, आणि दुसऱ्या कोणी जात असेल तर त्यासही सावध करावे. ह्या तिसऱ्या मतास सर्वांत जास्त माना डोलल्या. आमच्या समजुतीने तेच सर्वांत वाईट होते. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बंधूचा द्वेष मनात ठेवणे आणि त्यास उघड बोलून दाखविणे ही दोन जवळजवळ ठेवून पहिल्याची मनाई व दुसऱ्याची आज्ञा केली आहे. तोंडावर गोड आणि बाजारात कडू, असे जे आपण वागतो त्यात मिस्त्रीस आपली चूक काय हे कळत नाही, आणि त्याची भाकर मात्र जाते.

क्षमेच्या मताविरुद्ध बोलणे आम्हांस जड गेले, कारण रस्त्यावर आम्हीच ते आचरून आलो होतो. परंतु कोशाध्यक्षांनी एक साधा प्रश्न केला: जीप कोणाची? ती सुगीच्या सणाच्या अर्पणांतून घेतलेली. ज्या विधवा बाईने आपल्या पायलीभर ज्वारीचे पैसे तीत घातले, तिला न विचारता आम्ही तिचे देणे सोडून आलो होतो. आपल्या कनवटीचे सोडणे ही उदारता. दुसऱ्याच्या कनवटीचे सोडणे हिला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

मोशेच्या नियमशास्त्रात ह्या गोष्टींचा फार बारकाईने विचार केलेला आढळतो, आणि ते अध्याय आपण उपासनेत क्वचितच वाचतो. निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या व बाविसाव्या अध्यायांत चोराने दुप्पट, कधी चौपट-पाचपट द्यावे असे आहे. परंतु ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला व त्यात दुसऱ्याचे जनावर पडून मेले, त्याने फक्त त्या जनावराची किंमत द्यावयाची, आणि मेलेले जनावर त्याचे व्हावयाचे. म्हणजे निष्काळजी मनुष्यास शास्त्र चोर समजत नाही. त्याच्यापासून दंड घेत नाही, भरपाई घेते. मारक्या बैलाविषयीही तेथे भेद केला आहे: पहिल्याने मारले तर एक न्याय, आणि मारतो हे ठाऊक असून धन्याने बांधले नाही तर दुसरा. न आवळलेला नट हा उघडा खड्डाच होय. ते सांगण्यात मिस्त्रीचा अपमान नाही. उलट तो नियमाने वागविण्यासारखा मनुष्य आहे असा त्यात त्याचा मान आहे.

येथवर विचार करून आम्ही दुसऱ्या दिवशी एकटेच त्याच्या गॅरेजात जावयास निघालो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली रीत हीच आहे. वाटेत मात्र एक गोष्ट मनात टोचू लागली. तो तांबडा दिवा तेल थोडे कमी झाल्याचे सांगत नाही. तेलाचा दाब गेला हे सांगतो. तो लागताच गाडी थांबवून इंजिन बंद करावयाचे असते. आम्ही तसे केले असते तर बहुधा एक नट आणि पाच-सहा लिटर तेल एवढ्यावरच निभावले असते. आणि मग आम्हांस उमगले की रस्त्यावर आम्ही जी क्षमा केली ती इतक्या लवकर का केली. हिशेब उघडला असता तर दिव्याची गोष्ट निघाली असती. मिस्त्रीस दगड सापडला, आम्हांस क्षमा सापडली; दोघांचे काम एकच होते.

म्हणून गॅरेजात गेल्यावर आम्ही प्रथम आपली गोष्ट सांगितली: दिवा पाहिला आणि तीन किलोमीटर गाडी हाकली. मिस्त्री बराच वेळ हातातले फडके पिळत बसला. मग म्हणाला, “साहेब, दगड नव्हता.” नट हाताने बसविला इतक्यात एका ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली; मुलगा आवळील असे त्यास वाटले, आणि मुलास वाटले की उस्तादांनी आवळला. मुलावर ढकलावे असे त्याच्या मनात आले होते हेही त्याने सांगितले. आम्हांस फिलेमोनास लिहिलेले पत्र आठवले. पौलाने अनेसिमाचे देणे झाकले नाही, ते नाहीच असेही म्हटले नाही. ते आपल्या नावे मांडावयास सांगितले. वडील माणसाने धाकट्याची चूक कशी उचलावी याचा तो नमुना मिस्त्रीस ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्याने तेच केले.

ठरले ते असे. मजुरी मिस्त्रीने सोडावी. भागांचे १९,००० रुपये त्याने व आम्ही निम्मे निम्मे द्यावे. आमचे ९,५०० आमच्या पगारातून, मंडळीच्या पेटीतून नव्हे. त्याचे ९,५०० महिन्यास १,९०० प्रमाणे पाच हप्त्यांनी. कायदा सांगणाऱ्या वडिलांस हे थोडे वाटले, आणि आमच्या घरी हे फार वाटले. मुलांच्या शाळेच्या दिवसांत त्या गरिबाकडून हप्ता घेणे बरोबर होते काय, याविषयी आमचेही मन अद्याप एकमार्गी नाही. मजुरी सोडवून घेतल्यावर भागांचा वाटा तिसरा-दोन तिसरा असा करावयास हवा होता, असे कधी कधी वाटते.

नोव्हेंबरात पुन्हा तेल बदलावयाची वेळ आली तेव्हा गाडी त्याच्याकडेच नेली. नट आवळून झाल्यावर त्याने पाना आमच्या हाती दिला आणि म्हटले, “एकदा तुम्हीही ओढून बघा.” आम्ही गाडीखाली निजून पाना ओढला, नट जागचा हलला नाही. मग तो शिकाऊ मुलगा पिवळ्या रंगाची डबी घेऊन आला, आणि नट सैल झाला तर रेघ मोडलेली दिसावी म्हणून त्याने नटावरून चेंबरवर एक रेघ ओढली. आमचा सदरा तेलाने भरला होता. मिस्त्रीने फडके पुढे केले, आणि त्याबरोबर चौथ्या हप्त्याच्या नोटा.