नंदीच्या पायथ्याचं पाणी

उन्हाळ्यातल्या रविवारी बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या मराठी घरांतून पहाटेच गाड्या निघतात त्या नंदीबेट्टाकडे. पिशवीत चटणी-पोळीच्या सुरळ्या आणि ताक. डोंगर १४७८ मीटर उंच, कळसूबाईपेक्षा जेमतेम १६८ मीटरने कमी. पण बंगळूर मुळातच नऊशे मीटरांवर वसलेलं, त्यामुळे सह्याद्रीत चढलेल्या पायांना इथली चढण हलकी जाते. गाडीरस्ता थेट वर पोचतो. तरी सुलतानपेठेकडून जुन्या दगडी पायऱ्यांनीच चढावं, असं मी आग्रहाने सांगेन.

त्याआधी पायथ्याच्या भोगनंदीश्वराला जावं. नवव्या शतकापासूनचं हे देऊळ. आवारातल्या शृंगीतीर्थाच्या चारही बाजूंनी पायऱ्या पाण्याकडे उतरतात. नंदीने जमिनीत शिंग खुपसून इथे गंगा आणली आणि त्यातूनच दक्षिण पिनाकिनी निघाली, अशी श्रद्धा आहे. काठावर आलेला माणूस आपोआप हळू बोलू लागतो. माथ्यावर अमृतसरोवर आहे, तेही असंच पायऱ्यापायऱ्यांचं. गंगा राजांपासून टिपूपर्यंत अनेकांनी हा डोंगर राखला, १९३६ साली गांधीजी विश्रांतीसाठी इथे राहिले. वस्ती टिकली ती साठवलेल्या पाण्यावर.

ही दक्षिण पिनाकिनी पुढे बंगळूरच्या पूर्वेकडून वाहते. आमच्या बेळ्ळंदूर तलावाचं पाणी वर्तूर तलावात जातं आणि तिथून याच नदीला मिळतं. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि साबणातले फॉस्फेट यांनी रस्त्यावर फेस उडवणारा, २०१८च्या जानेवारीत पेटला तेव्हा विझवायला लष्कराचे जवान लागले, तो हा बेळ्ळंदूरचा तलाव. उगमापाशी आपण हात जोडतो त्या नदीला खाली आपल्याच मोऱ्यांचं पाणी जाऊन मिळतं, हे मला डोंगर चढताना विसरता येत नाही.

आणि आता तर पाणी उलटही चढतं. २०१८पासून आमच्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून, पंपांनी उचलून कोलारच्या कोरड्या तलावांत सोडतात. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातलं पाणी तसंच चिक्कबळ्ळापूरकडे, म्हणजे नंदीच्याच जिल्ह्यात येतं. वर्षानुवर्षं आटलेले तलाव त्याने भरले, विहिरींना पाणी आलं. ही योजना मला मोलाची वाटते. पण हे शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावरच थांबतं. तिसरा टप्पाही हवा, असं तिथले शेतकरी सतत सांगत आले आहेत. त्यांच्या विहिरींत हेच पाणी झिरपतं आणि त्यांच्या मळ्यांतली भाजी आमच्याच बाजारात येते. त्यांची मागणी रास्त आहे, आणि ती मोठ्याने करायचं काम ज्यांच्या घरांतून हे पाणी निघतं त्या आम्हा बेळ्ळंदूरकरांचं आहे.