दूरचा प्रवास, शेजारचे दुःख

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, जो जीवन देतो आणि ठरलेल्या घटकेला ते परत घेतो. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी स्वतः अनाथपण भोगले आणि पुढे आयुष्यभर अनाथांच्या डोक्यावर मायेचा हात ठेवला.

प्रिय बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांमधील काही वडीलधारी दांपत्ये अधूनमधून एक प्रश्न घेऊन मशिदीत येतात. नोकरीतून निवृत्ती झालेली असते, मुलामुलींचे निकाह पार पडलेले असतात, हजचे कर्तव्यही अदा झालेले असते. दोघांच्या मनात येते की उरलेले दिवस दीनच्या सेवेत घालवावेत. कोणी मस्तुरातच्या जमातीबरोबर परदेशी जाऊ इच्छितात. कोणी परदेशात राहणाऱ्या मुलाकडे जाऊन तेथील लहानग्यांना कुरआन शिकवावा म्हणतात. ते विचारतात, ‘मौलाना, तयारी कशाची करावी?’ त्यांना अपेक्षा असते की मी भाषेविषयी किंवा ग्रंथांविषयी काही सांगेन. त्यांचीही गरज आहेच. परंतु सर्वप्रथम एक गोष्ट शिकून घ्यावी असे मी सुचवतो, आणि ती म्हणजे ताजियत, अर्थात शोकग्रस्ताचे सांत्वन. ज्याला शेजाऱ्याच्या दुःखात उभे राहता येते, त्यालाच परक्या देशात दीनची ओळख करून देता येते. हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका. प्रेषितांच्या घराण्यातील एका दांपत्याच्या चरित्रात ते लख्ख दिसते.

हबशाचे दांपत्य

हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) हे प्रेषितांचे (स.) चुलतभाऊ आणि हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) त्यांच्या पत्नी. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा हे पतिपत्नी समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भूमीत गेले. नजाशी राजाच्या दरबारात जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमचे पठण केले आणि राजाचे डोळे भरून आले, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. पण त्या एका तेजस्वी दिवसाच्या मागेपुढे परदेशातील सुमारे बारा वर्षे होती, हे आपण विसरतो. भाषा परकी, लोक परके, धर्म वेगळा. त्यांची मुले तेथेच जन्मली. मदिनेत इस्लामची वस्ती उभी राहत होती, बद्र आणि उहुद घडत होते, आणि हे दोघे त्या सर्वांपासून दूर आपल्या जागी टिकून होते.

हिजरी 7, म्हणजे इ. स. 628 मध्ये खैबरच्या विजयाच्या सुमारास ते परतले. तेव्हा हजरत उमर (रजि.) अस्मांना म्हणाले की हिजरतीत आम्ही तुमच्यापुढे आहोत. अस्मांना हे फार लागले. त्यांनी स्पष्टच सांगितले की तुम्ही प्रेषितांच्या सहवासात होता. तुमच्यातील भुकेल्यांना ते जेवू घालत आणि अजाणांना शिकवत. आम्ही मात्र दूरच्या परक्या मुलखात भय आणि त्रास सोसत होतो, आणि तेही अल्लाहसाठीच. पुढे त्यांनी ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी घातली. प्रेषितांनी निर्वाळा दिला की उमर व त्यांच्या साथीदारांची एक हिजरत, तर जहाजातून आलेल्यांच्या दोन हिजरती. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. त्यानंतर हबशाहून आलेले लोक समूहासमूहाने अस्मांकडे येऊन ती पुन्हा पुन्हा ऐकत. दूर देशी सेवा करून परतलेल्याला आपल्या माणसांनी ओळखावे, त्याच्या एकटेपणाची किंमत जाणावी, हेही एक सांत्वनच आहे.

मळलेली कणीक

परतल्यानंतर जेमतेम एक वर्ष गेले. हिजरी 8 मध्ये आजच्या जॉर्डनमधील मूता येथे जाफर (रजि.) शहीद झाले. सीरतच्या ग्रंथांत त्या दिवसाचे वर्णन आले आहे. अस्मांनी कणीक मळून ठेवली होती. मुलांना न्हाऊमाखू घालून, तेल लावून स्वच्छ केले होते. इतक्यात प्रेषित (स.) घरी आले. त्यांनी मुलांना जवळ बोलावले, त्यांना हुंगले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. अस्मांनी विचारले, जाफरविषयी काही वार्ता आली का? प्रेषितांनी ती वार्ता सांगितली. अस्मा आक्रंदू लागल्या, शेजारच्या स्त्रिया जमल्या. प्रेषित (स.) आपल्या घरी गेले आणि त्यांनी आज्ञा केली की जाफरच्या कुटुंबासाठी अन्न तयार करा, कारण त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही. अबू दाऊद व तिरमिजी यांनी ही आज्ञा नोंदवली आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्या घरात कणीक तयार होती. उणीव पिठाची नव्हती. ती भाजणाऱ्या हातांत बळ उरले नव्हते. शोक माणसाची शिधासामग्री नेत नाही, तो त्याच्या हातांतील शक्ती नेतो. म्हणून ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून निघून जाणे पुरेसे नसते. ज्याला काही सुचतच नाही, तो सांगणार काय?

पुढेही प्रेषितांनी (स.) त्या घराला सोडले नाही. तीन दिवस त्यांनी शोकासाठी मोकळीक दिली. मग ते पुन्हा आले, मुलांना बोलावले, न्हावी आणवून त्यांचे केस काढवले आणि त्यांच्यासाठी दुआ केली. अस्मांनी मुलांच्या पोरकेपणाची व्यथा मांडली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना धीर दिला की इहलोकी आणि परलोकी मी त्यांचा पालक असताना त्यांच्या दारिद्र्याचे भय कशाला? स्वतः अश्रू ढाळणे, अन्न पाठवणे, शोकाला अवधी देणे, पुन्हा येणे आणि मुलांची जबाबदारी घेणे, एवढे सर्व त्या सांत्वनात होते. लांबलचक प्रवचन मात्र कोठेच नव्हते.

परदेशातून आणलेली भेट

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर त्यांची कन्या हजरत फातिमा (रजि.) पितृशोकात आणि आजारपणात होत्या. अवघ्या काही महिन्यांत त्याही अल्लाहकडे गेल्या. त्या दिवसांत अस्मा त्यांच्याजवळ असत. रिवायत आहे की फातिमांना एक संकोच सतावत होता. स्त्रीच्या पार्थिवावर नुसते वस्त्र टाकतात, त्यातून देहाचा आकार दिसतो, हे त्यांना रुचत नसे. अस्मांनी त्यांना हबशात पाहिलेली पद्धत दाखवली. खजुरीच्या ओल्या फांद्या मागवून त्या वाकवल्या आणि त्यांवर वस्त्र पसरले. ते पाहून फातिमांच्या मनाला समाधान वाटले.

बारा वर्षांच्या परदेशवासातून अस्मांनी काय आणले? एका दुःखी मैत्रिणीच्या लज्जेचे रक्षण करणारे ज्ञान. ज्या बाईने स्वतः पतीचा विरह सोसला होता, तिलाच दुसरीच्या मनातील न बोललेली भीती समजली. परदेशातील सेवेचे हे फळ आहे. तेथून परतणाऱ्याच्या पिशवीत अत्तर आणि खजूर असोत. हृदयात मात्र ही कोमलता असली पाहिजे.

दूर असताना

आपल्या सोलापूरला दूर देशीच्या सेवेची ओळख नवी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 मध्ये याच शहरात झाला. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धग्रस्त चीनला गेले. तेथे असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. तरी ते जखमींच्या सेवेत राहिले. तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच प्राण सोडला. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु परक्या भूमीत आप्ताच्या मृत्यूची वार्ता ऐकणे म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यावरून प्रत्येक सोलापूरकराला उमगावे.

आज असा प्रसंग आखातात राबणाऱ्या आपल्या हजारो मुलांवर येतो. आई गावी वारते, रजा मिळत नाही, आणि आठ जणांच्या खोलीत बसून मुलगा मोबाइलवर जनाजा पाहतो. मातीची मूठही त्याच्या हाताला लाभत नाही. दीनसेवेसाठी गेलेल्या वयस्क दांपत्याने अशा मुलाला हुडकावे. पुरुषाने मशिदीत त्याच्या शेजारी बसावे, पत्नीने घरून डबा पाठवावा, दोघांनी त्याच्या आईविषयी विचारावे आणि तो बोलेल ते ऐकावे. त्या घडीला मराठीतून कोणी ‘बाळा, जेवलास का?’ एवढे विचारले, तरी ते शंभर भाषणांहून मोठे आहे. तरुण प्रचारकाजवळ जे नसते ते या दांपत्याजवळ असते: त्यांचे वय आणि त्यांनी स्वतः पुरलेली माणसे.

उलट प्रसंगही येतो. आपण परदेशी असतो आणि इकडे जिवलग मित्राची पत्नी जाते. तेव्हा अंतराची सबब सांगू नये. ज्या नजाशीने मुहाजिरांना आश्रय दिला, तो हबशात वारला तेव्हा प्रेषितांनी (स.) मदिनेत त्याच दिवशी ती वार्ता सांगितली, त्याला बंधू म्हटले आणि लोकांसह जनाजाची नमाज अदा केली. गायबाना नमाजविषयी इमामांमध्ये मतभेद आहेत. तो येथे आपला विषय नाही. बोध एवढाच की समुद्रापलीकडच्या उपकारकर्त्यालाही प्रेषित विसरले नाहीत. समूहात टाकलेला ठरावीक संदेश म्हणजे ताजियत नव्हे. फोन करा, गेलेल्या व्यक्तीचे नाव घ्या, तिचा एखादा चांगुलपणा सांगा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा.

सबरचा उपदेश केव्हा?

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बलदमध्ये एका अवघड घाटाचे वर्णन आहे. तो चढणे म्हणजे काय? गुलामाला मुक्त करणे, भुकेच्या दिवशी नात्यातील अनाथाला किंवा धुळीला मिळालेल्या गरिबाला जेवू घालणे, आणि परस्परांना सबरची व दयेची शिकवण देणाऱ्या श्रद्धावंतांपैकी होणे. सबरचा उपदेश भाकरीच्या शेजारी आणि दयेच्या सोबतीने आला आहे. आपण मात्र कित्येकदा भाकरी आणि दया दोन्ही घरी ठेवून केवळ सबर घेऊन जातो.

रडणे सबरविरुद्ध नाही. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे शोकाने पांढरे झाले, तरी त्यांचा सबर कुरआनने सुंदर म्हटला. प्रेषितांनी (स.) पुत्र इब्राहीमच्या मृत्यूवेळी अश्रू ढाळले. एकदा कबरीजवळ रडणाऱ्या एका स्त्रीला त्यांनी सबर राखण्यास सांगितले. तिने न ओळखता त्यांना झिडकारले, तेव्हा ते वाद न घालता निघून गेले. पुढे ती स्वतः दारी आली, तेव्हा त्यांनी सांगितले की खरा सबर पहिल्या आघाताच्या वेळचा. शोकग्रस्ताच्या कटू शब्दाचा राग धरू नये, हे त्या मौनातून शिकावे.

आता आपल्या घरांकडे पाहा. ज्या घरी मय्यत झाली त्याच घराने तिसऱ्या दिवशी आणि चाळिसाव्याला कर्ज काढून लोकांना जेवू घालावे, हे प्रेषितांच्या आज्ञेच्या नेमके उलट आहे. त्याहून कठोर प्रथा दुसरी: पतीच्या मय्यतीजवळ विधवेला उभे करून चार माणसांदेखत महर माफ करवून घेणे. महर हे पतीवरील कर्ज आहे. वारसाहक्काच्या वाटणीपूर्वी कर्ज फेडावे, अशी सूरह अन्-निसाची स्पष्ट आज्ञा आहे. आणि त्यानंतरही अपत्ये असतील तर विधवेचा आठवा व नसतील तर चौथा हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे. अश्रूंच्या भरात काढून घेतलेल्या होकाराला खुशीने दिलेली माफी कसे म्हणावे? त्या घडीला जो वडीलधारा पुढे होऊन ‘आज हा विषय नको’ म्हणेल, त्याने खरी ताजियत केली.

विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची आहे. लोकांचे येणे मात्र बहुधा दहा दिवसांतच आटते. आपल्या शहरात कित्येक भगिनी घरी विड्या वळून संसार चालवतात. उपजीविकेची निकड असेल तर दिवसा बाहेर पडण्याची मुभा फुकहांनी दिली आहे. तरीही तिच्यासाठी पान-तंबाखू आणून देणारी आणि वळलेल्या विड्या पोचवणारी एखादी शेजारीण मिळाली, तर ते केवढे पुण्य! महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणणे, बँकेत आणि रेशनच्या कार्यालयात खेपा घालणे, मुलांची फी भरणे, हे सर्व जाफरच्या घरी अन्न पाठवण्याचाच विस्तार आहे.

म्हणून परदेशी निघणाऱ्या दांपत्यांना माझी विनंती आहे. पासपोर्ट काढण्यापूर्वी आपल्या गल्लीत ज्या घरातून कोणी वर्षभरात गेले असेल, त्या घरी दोघांनी मिळून जाऊन यावे. पतीने पुरुषांत बसावे, पत्नीने स्त्रियांत. रिकाम्या हाताने जाऊ नये आणि परतण्याची घाई करू नये. हा प्रवास घडला, तर पुढील प्रवासात अल्लाह बरकत देईल.

हे अल्लाह, आमच्या गेलेल्यांना क्षमा कर, मागे राहिलेल्यांना धीर दे, दूर देशी तुझ्या दीनसाठी झटणाऱ्यांचे रक्षण कर, आणि दुःखिताच्या दारावरून मान खाली घालून निघून जाणाऱ्यांत आमची गणना करू नकोस. आमीन.