अवेळी येणाऱ्यांसाठी

सहाव्या शतकात इटलीतल्या माँते कासिनोच्या डोंगरावर संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियमावली लिहिली. प्रकरणे 73. प्रार्थना केव्हा, झोप किती, ताटात काय, मौन कुठे, सगळे घालून दिलेले. या काटेकोर दिनक्रमात 53व्या प्रकरणात पाहुणा येऊन उभा राहतो. तो वेळ सांगून येणार नाही आणि मठाला पाहुण्यांची कधी वाण पडणार नाही, हे बेनेडिक्ट जाणून आहे. म्हणून मठाधिपती आणि पाहुणे यांच्यासाठी तो स्वयंपाकघर वेगळे ठेवायला सांगतो आणि तिथे वर्षभरासाठी दोघा बंधूंना नेमतो. पाहुण्याच्या हातावर पाणी मठाधिपतीने स्वतः घालायचे. पाय मठाधिपतीने आणि सगळ्या बंधूंनी मिळून धुवायचे. एखादा विशेष उपवास वगळला, तर पाहुण्यासाठी मठाधिपतीने आपला उपवास मोडायचा. बाकीच्यांनी मात्र तो पाळायचा.

उपवासाच्या या कलमापाशी मी नेहमी थांबतो. व्रतस्थाने जपून ठेवलेली वस्तू म्हणजे त्याचे व्रत, आणि पाहुण्यापुढे नेमके तेच सोडायचे. पाहुण्याला एकट्याला वाढले तर ते अन्नदान होते. यजमान शेजारी ताट घेऊन बसला की पंगत होते. पाहुणा कोण आहे, याबद्दल बेनेडिक्टच्या मनात किंतु नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायासनावर बसलेला राजा सांगतो, की परक्याच्या रूपात तुमच्या दाराशी मीच आलो होतो. ज्यांनी त्याला घरात घेतले, त्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांचे हे नकळतेपण मला फार मोलाचे वाटते. बेनेडिक्टही गोरगरिबांची आणि यात्रेकरूंची अधिक काळजी घ्यायला सांगतो. श्रीमंताचा दबदबा आपला मान आपणच मिळवून घेतो, हे त्याने पाहिले असणार.

त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, कप्पदुकियातल्या कैसरिया शहरात दुष्काळाने माणसे रस्त्यावर आणली, तेव्हा संत बेसिलने शहराबाहेर प्रवासी, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक मोठी वस्ती उभी केली. त्याचा मित्र नाझियांझसचा ग्रेगरी तिला नवे शहर म्हणत असे. रुग्णालयांच्या इतिहासात या वस्तीचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण संस्था उभी राहिली की घराघरांतली माणसे हळूच सुटतात. संत योहान क्रिसोस्तोमने हे ओळखले होते. कॉन्स्टँटिनोपलमधल्या प्रवचनात तो लोकांना विचारतो, की चर्चची अतिथिशाळा आहे म्हणून तुमचे काम संपले काय? दुसरा प्रार्थना करतो म्हणून तुम्ही करायची थांबता काय? मग तो अगदी साधे काहीतरी मागतो. घरात परक्यासाठी एक खोली राखा. तीत एक खाट, एक मेज, एक दिवा ठेवा. आम्हा ख्रिस्ती लोकांना वर्गणी देणे आणि पावती खिशात घालणे सोपे गेले आहे. आमची रुग्णालये, वसतिगृहे, वृद्धाश्रम यांचा मला अभिमान आहे. तरी त्या खोलीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी अंगावर घेतला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी गंगामूळच्या आश्रमात विद्यार्थ्यांना आणि यात्रेकरूंना जेवू घालता घालता आपले होते नव्हते ते संपवले. कर्ज झाले, आश्रम सुटला, कुटुंब तीर्थयात्रेला लागले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आल्यागेल्याला ताट वाढणे त्या चर्चमध्ये शिकल्या, असे मी म्हणणार नाही. ते त्या गंगामूळहूनच घेऊन आल्या होत्या. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. विधवांसाठी त्यांनी आधीच काढलेल्या शारदा सदनाच्या खर्चासाठी केडगावला फळबागेची जमीन घेतलेली होती. तिथे या मुली राहिल्या, आणि मुक्ति सदन उभे राहिले. पाहुणे दोन दिवसांत जातात. या मुली जाणार कुठे? त्यांच्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या, विणकाम शिकवावे लागले, पुढे छापखाना काढावा लागला.

रमाबाईंवरचा आक्षेपही इथेच येतो, आणि तो टाळू नये. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून 1893मध्ये रानडे आणि भांडारकर बाहेर पडले होते. भुकेल्याला घास देणाऱ्याने त्याच्या श्रद्धेला हात घालावा का? माझ्या मते, घालू नये. पण यजमानाने आपली श्रद्धा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी, हेही मला पटत नाही. बेनेडिक्टच्या मठात पाहुण्याला आधी प्रार्थनेला नेत, शास्त्रवाचन ऐकवत, मग त्याची सरबराई करत. फरक एवढाच, की मठातला यात्रेकरू दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने जायला मोकळा होता. केडगावच्या मुलींपुढे दुसरे दार नव्हते. ज्याला जायला जागा नाही, त्याचा होकार पुरता मोकळा नसतो, आणि असा होकार ज्याच्या हाती येतो त्या यजमानाची जबाबदारी दुप्पट होते. रमाबाईंना ती प्रत्येक वेळी पेलली, असा माझा दावा नाही. त्या मुलींसाठी दुसरी दारे का उघडली नाहीत, हे मात्र रमाबाईंना विचारण्याआधी त्या काळच्या आपल्या सगळ्या घरांना विचारावे लागेल, ख्रिस्ती घरेही त्यात आली.