परमुलुखातील अष्टपैलू

रणजी करंडकात सहा हजार धावा आणि चारशे बळी हे दोन्ही टप्पे ओलांडणारा जो पहिला खेळाडू ठरला, त्या जलज सक्सेनाचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला उद्गार निघतो तो ‘बिचारा, भारताकडून खेळलाच नाही’ असा. या उद्गारात करुणा असली तरी न्याय नाही, असे माझे मत आहे.

जलज इंदूरचा; आणि इंदूर म्हणजे सी. के. नायुडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांसारख्या गुणीजनांना पदरी बाळगून चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संस्थानाची राजधानी. संस्थाने गेली, पण परमुलुखातील गुणवंताला मानधन देऊन आपल्या फौजेत घ्यावयाची रीत टिकली. मध्य प्रदेशाकडून 2005 साली पदार्पण केलेला हा सलामीचा फलंदाज आणि ऑफस्पिन गोलंदाज 2016 मध्ये ना-हरकत दाखला घेऊन केरळला गेला. घरच्या मुलाचे अपयश लोक पोटात घालतात. बाहेरून आणलेल्या पगारी खेळाडूकडे मात्र प्रत्येक सामन्याअखेर जमाखर्च मागितला जातो, आणि तो अष्टपैलू असेल तर दोन खात्यांचा. दिवसभर एका टोकाने षटके टाकून खांदा भरून आला असता त्याच सायंकाळी पॅड बांधून नव्या चेंडूला सामोरे जावयाचे, हे श्रम धावफलकावर कोठेही नोंदले जात नाहीत. थुंबा येथे 2018 मध्ये आंध्राविरुद्ध त्याने 133 धावा केल्या आणि दुसऱ्या डावात 45 धावांत 8 गडी टिपले. तेथेच 2024 मध्ये बंगालचे 9 गडी 68 धावांत बाद केले. केरळने उपांत्यपूर्व फेरी, उपांत्य फेरी आणि 2025 साली नागपूरला अंतिम सामना या तिन्ही पायऱ्या प्रथमच चढल्या, त्या याच कालखंडात. त्या अंतिम सामन्यात केरळच्या बाजूने विदर्भाचा आदित्य सरवटे, तर विजेत्या विदर्भाच्या बाजूने कर्नाटकचा करुण नायर उभा होता; म्हणजे परमुलुखातील गुणवंत घेण्याची रीत दोन्ही बाजूंनी पाळली होती, हेही ध्यानात घ्यावे.

भारतीय संघाचे म्हणाल, तर रविचंद्रन अश्विन 1986 च्या सप्टेंबरात जन्मला आणि जलज त्याच वर्षीच्या डिसेंबरात. एकाच धाटणीच्या दोघांतून निवडकर्त्यांनी अश्विनला पसंत केले, यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. परंतु 2022-23 च्या हंगामात 50 बळी घेऊन रणजीत अग्रस्थानी राहिलेल्या या गोलंदाजाला दुलीप करंडकासाठी दक्षिण विभागाच्या संघातही जागा मिळू नये, याचे समर्थन मला करता येत नाही. ज्या स्पर्धेला आपण राष्ट्रीय म्हणतो, तिच्यातील सर्वोत्तम कामगिरीची दखल जर पुढच्याच दप्तरी घेतली जात नसेल, तर ती स्पर्धा भरवणाऱ्यांचा तिच्यावरच विश्वास नाही, असे म्हणावे लागते. रणजी ही केवळ वरच्या मजल्यावर जाण्याची शिडी नसून आयुष्य वेचावे असे एक स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे, हे जलजने दोन दशके खेळून सिद्ध केले आहे.

2025 च्या हंगामात तो महाराष्ट्राकडे आला. पहिलाच सामना तिरुवनंतपुरमला, केरळविरुद्ध. महाराष्ट्राचे तीन गडी शून्यावर आणि पाच गडी अवघ्या 18 धावांत गेले असता ऋतुराज गायकवाडने 91 धावा केल्या, आणि दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या जलजने 49.