रतनवाडीचा पत्रा

पावसाळा आला की आमच्या श्रीरामपूर भागात पारावर एकच चौकशी असते, भंडारदरा किती भरलं? आमच्याकडचा पाऊस वीसेक इंचांचा, तोही लहरी. पण वर घाटमाथ्यावर तो धो-धो कोसळला आणि अकरा टीएमसीचं धरण भरलं, की इथला माणूस निवांत होतो. ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या कालव्याला पाणी सुटणार, चारीला येणार, ऊस तगणार. चाळीस वर्षं मी रात्री-अपरात्री त्या पाण्याची दारं धरली. ते येतं कुठून हे बघायला मात्र साठी उलटावी लागली.

पोळा झाल्यावर पुण्याचा नातू आला आणि म्हणाला, "आबा, रतनवाडीला जाऊ. जुनं गाव आहे, अगदी चित्रासारखं." संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचलो आणि तिथून धरणाच्या कडेकडेनं रतनवाडीला.

खोटं कशाला बोलू, बघून डोळे निवले. वर रतनगड ढगात. त्याच डोंगरात आमच्या प्रवरामाईचा उगम. खाली भाताची खाचरं हिरवीगार, बांधांवर पिवळी सोनकी फुललेली. गावात अमृतेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ, हजारेक वर्षांपूर्वीचं. दगडावर एवढं बारीक काम की बोट फिरवावंसं वाटतं. जवळच पायऱ्यांची पुष्करणी, तिच्या कोनाड्यांत मूर्ती. सह्याद्रीच्या कुशीत असं गाव हजार वर्षं नांदतंय, याचं मला नवल वाटलं.

देवळावरून पुढं गेलो तर एक घर दिसलं. कारवीच्या कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, अंगणात कोंबड्या. नातवानं मोबाईल काढला आणि तोंड वाकडं केलं. घरावर निळा पत्रा होता. "आबा, या पत्र्यानं सगळी मजा घालवली. कौलं असती तर काय फोटो आला असता!"

मीही मान डोलावली. तीच मान मला नंतर जड झाली.

ओट्यावर माझ्याच वयाचा घरधनी बसला होता. त्यानं ऐकलं असावं. रागावला नाही. "बसा पाव्हणं," म्हणाला. कोरा चहा आला. मग सावकाश बोलला, "इथला पाऊस तुम्ही बघितला न्हाई. कौलं दरसाल चाळावी लागत्यात. पोरं कामाला बाहेर गेली, आता वर चढणार कोण? पत्रा टाकला तवा चार वर्षं झाली, घरात ठिपका पडला न्हाई."

मी गप्प झालो, कारण मला माझंच घर आठवलं. आमचं धाब्याचं घर होतं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. उन्हाळ्यात आत कसं गार वाटायचं. पण पाऊस लागून राहिला की माळवद ठिबकायचं आणि आई भांडी मांडत रात्र काढायची. उसाचे पैसे हातात आले त्या वर्षी मी ते पाडलं आणि स्लॅब टाकला. त्या दिवशी कोणी शहरी पाहुणा येऊन "अरेरे, काय सुंदर घर होतं" म्हणाला असता, तर मी त्याला काय उत्तर दिलं असतं? आणि इथं मी स्वतःच तो पाहुणा झालो होतो.

घरधन्यानं विचारलं, "गाव कोणतं?" श्रीरामपूर म्हटल्यावर हसला. धरणाकडं हात करून म्हणाला, "मंग ते पाणी तुमच्याकडंच येतंय की. आमच्या आज्याची खाचरं त्याच्याखाली हायती." थोडा थांबून म्हणाला, "होळी झाली की आमच्या वरच्या वस्तीच्या बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरत्यात."

हे बोलणं टोमण्याचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. धरण १९२६ ला पुरं झालं. त्याच पाण्यानं आमचा माळ उसाचा झाला, कारखाने उभे राहिले, माझी पोरं शिकली. आणि ज्या निळ्याशार पाण्याचा नातवानं पहिला फोटो काढला, त्याच्या तळाशी कुणाचं तरी भातशेत होतं. पाणी आम्ही घेतलंच होतं. आता वर येऊन म्हणत होतो, घरही आमच्या डोळ्यांना बरं दिसेल असंच ठेवा.

घरी परतताना नातवानं विचारलं, "आबा, मग काय, बघायला जाऊच नये?"

जावं. माणसानं जुनी देवळं, जुनी गावं, डोंगर बघावेत. न बघता मला तरी काय कळलं असतं? पण पुण्या-मुंबईच्या माणसाचं एक वेळ सोडून देऊ. माझ्यासारख्यानं तिथं नुसतं बघ्या म्हणून उभं राहणं मला पटत नाही. ज्याचं पाणी आपण प्यायलो त्याच्या दारात जावं ते देणेकरी होऊन. त्याच्याकडं जेवावं, पैसे रोख मोजावे, त्याचं ऐकून घ्यावं. आणि पत्रा टाकायचा की कौलं ठेवायची हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. एवढ्यानं देणं फिटतं का? नाही फिटत. खाचर काही पाण्यावर येत नाही. पण देणं आहे हे कबूल केलेला माणूस निदान आणखी मागणं तरी करत नाही.

नातवानं तो फोटो ठेवला, निळ्या पत्र्यासकट. ओट्यावर आम्ही दोघं म्हातारे कोरा चहा पितोय.

पुढच्या आवर्तनाला रात्री दोनला पाणी आलं. मी फावडं घेऊन गेलो. वाफा भरत आला तरी दार मोडायचं भान राहिलं नाही. मनात एकच हिशोब चालला होता, रतनवाडीच्या वरच्या वस्तीला होळी किती दिवसांवर आली असेल.