दिग्व्रत आणि सायकल

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. "ताई, तूच समजाव तिला. तुझं ऐकते ती." प्रकरण असं, की माझी भाची जूनमध्ये जर्मनीतल्या पासाऊ गावाहून सायकलने निघणार, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने ऑस्ट्रियातून व्हिएन्ना, पुढे हंगेरीत बुडापेस्टपर्यंत. आणि तेही एकटी! वय एकोणतीस, लग्न व्हायचंय. बहिणीच्या काळजीची यादी लांब होती: रस्ता, पाऊस, पंक्चर, परकी माणसं, आणि सूर्यास्ताआधीचं जेवण. ही शेवटची काळजी मी भाचीच्या कानावर घातली तर ती हसून म्हणाली, "मावशी, जूनमध्ये तिकडे सूर्य नऊला मावळतो. मिटली चिंता?"

माझी मिटली नाही. मला वेगळाच प्रश्न पडला होता. घरच्यांच्या जिवाला घोर लावून, केवळ आपल्याला हवं म्हणून इतक्या लांब निघणं योग्य का? बहीण तर धर्मावरच आली. "दिग्व्रत कशासाठी सांगितलंय मग? दिशांना मर्यादा घालावी म्हणूनच ना?"

खरंच आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. अमुक नदी, अमुक डोंगर, त्यापलीकडे जाणार नाही असा नियम घ्यायचा. माणसाचा लोभ जिथवर पाय पोचतील तिथवर पसरतो, त्याला आवर बसावा हा हेतू. मी क्षणभर गप्प झाले.

त्या रात्री मला आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीची आठवण झाली. १९३१ चा तिचा जन्म, लिस्मोर नावाच्या छोट्या गावातला. दहाव्या वाढदिवसाला तिला जुनी सायकल आणि जुना नकाशासंग्रह मिळाला, आणि तिने ठरवलं, आपण सायकलने भारतात जायचं. पण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ही आईची सेवा करायला घरी बसली. मधेमधे आईच तिला म्हणायची, जा, थोडी फिरून ये. मग ती युरोपात सायकलवर जाऊन यायची आणि परत उशाशी बसायची. १९६२ मध्ये आई गेली. जानेवारी १९६३ मध्ये, भर बर्फात, ती फ्रान्समधल्या डंकर्कहून एकटी निघाली. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत जुलैत दिल्लीला पोचली. नंतर तिने धर्मशाळेला तिबेटी निर्वासित मुलांची सेवा केली. तिचं सगळंच मला पटतं असं नाही. तिच्याजवळ पिस्तूल होतं आणि युगोस्लाव्हियात अंगावर आलेल्या लांडग्यावर तिने ते चालवलंही. तिथे मी वाचताना थांबले होते.

पण एक गोष्ट मनात राहिली. इतकी वर्षं घरात बसताना आपण का बसलोय हे तिला माहीत होतं. मर्यादा तिने स्वतः घातलेली होती. ती पुरी झाल्यावर ती उठली.

दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला शेवटचा आहे स्मृत्यंतराधान, म्हणजे आपण घातलेली मर्यादा विसरून जाणं. पाठशाळेत मी तो नुसता पाठ केला होता. आता वाटतं, हा दोष आम्हा बायकांना उलट्या बाजूने लागतो. आम्ही रेषेच्या आतच असतो, पण ती कुणी आखली, कधी आखली, कशासाठी आखली, हेच विसरतो.

माझंच सांगते. १९९३ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बेळगावातून गाड्या भरभरून गेल्या. मी गेले नाही. सासूबाईंचं दुखणं, मूल लहान. २००६ मध्येही गेले नाही. पुष्कळ वर्षं मी म्हणत राहिले, मला जाऊ दिलं नाही. २०१८ मध्ये, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, विंध्यगिरीच्या पायऱ्या चढले तेव्हा मधल्या एका पायरीवर बसून आठवू लागले: नको कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. मी विचारलंच नव्हतं. सासूबाई तर कदाचित म्हणाल्याही असत्या, जा गं, मी बघते.

सेवा केली त्याचं दुःख नाही. पण ती सेवा 'मी करते' म्हणून केली असती तर व्रत झालं असतं. 'मला करावी लागते' म्हणत केली, आणि मनात राग धरून बसले. नियम स्वतः घेतला तर व्रत. दुसऱ्याने घातला, किंवा घातलाय असं आपणच धरून चाललो, तर ते नुसतं कुंपण.

मग भाचीला विचारलं, "बुडापेस्टच्या पुढे जायचा मोह झाला तर?"

"नाही गं. पंधरा दिवस, बुडापेस्टपर्यंत, आणि दोन पिशव्यांत मावेल तेवढंच सामान. रोज मुक्कामाला पोचले की आईला फोन."

दिशा, अंतर, दिवस, परिग्रह. पोरीने सगळं मोजून ठेवलं होतं. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना एवढं देणं लागतंच. ते तिने न सांगता दिलं होतं.

बहिणीला फोन केला. म्हटलं, "तिने दिग्व्रत घेतलंय. तू मोडायला लावू नकोस."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खाकरे किती दिवस टिकतात गं?"